झिलूची चाल

काळी नदीवर सोळा वर्षं काढलेला गुणा वेळीप पाहुण्यांच्या देखत पाण्यात पडला, तो मार्गशीर्षातला रविवार होता.

धरणाच्या खाली नदी बराच वेळ दगडधोंड्यांत आदळत-आपटत येते आणि एका वळणानंतर पसरून निवांत होते. त्या वळणावर किरणशेठचा कॅम्प आहे. किरणशेठ मूळचा रामनगरचा, वडिलांचं दुकान भावावर सोपवून इथं येऊन बसलेला. राफ्टिंगला घाबरणाऱ्या, पोहता न येणाऱ्या लोकांसाठी त्याने सहा वर्षांमागे पॅडलबोर्ड आणले. हवा भरलेली लांबरुंद फळी; तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने हळूहळू पुढं सरकायचं. नवख्या माणसाला त्या फळीवर उभं करणं हे गुणाचं काम, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक तासाभरासाठी यायचे आणि जाताना त्याचा फोन नंबर घेऊन जायचे.

त्या रविवारी बेळगावचं एक कुटुंब आलं होतं. श्वेता, तिचा नवरा निखिल, त्याचे दोन मित्र आणि श्वेताची आई शकुंतलाबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या शकुंतलाबाई पिशव्या सांभाळायला म्हणून काठावर बसल्या होत्या. गुणाने त्यांना तसं बसू दिलं नाही. गुडघ्यांचं दुखणं, मगरी, वय, सगळी कारणं त्याने शांतपणे ऐकून घेतली. मगरी खूप खाली, दांडेलीकडे. आणि गुडघे एकदाच वाकवायचे, पुढं नदीच धरते, असं सांगून त्याने स्वतःच त्यांच्या लाइफ जॅकेटचे बंद आवळले. पाण्यात कमरेएवढा उभा राहून त्यांचा बोर्ड दोन्ही हातांनी दाबून धरला. पहिल्या खेपेला त्या गुडघ्यांवर बसल्या, दुसऱ्या खेपेला अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

"पायाकडं बघू नका, काकू," गुणा म्हणाला. "पलीकडं ते वाकलेलं झाड हाय न्हवं, त्याच्याकडं बघा. पाय आपलं आपण बघून घेतात."

तिसऱ्या खेपेला त्या उभ्या राहिल्या. साडीऐवजी लेकीचा पंजाबी ड्रेस घातलेल्या, साठीच्या त्या बाई नदीच्या मधोमध उभ्या राहून लहान मुलीसारख्या हसत होत्या. पुढं नेत्रा बाकीच्यांना घेऊन चालली होती. नेत्रा कॅम्पवरची दुसरी गाइड, तीन वर्षांपूर्वी गुणाच्याच हाताखाली शिकलेली. मागं गुणा शकुंतलाबाईंच्या बाजूने, आपल्या बोर्डावर गुडघे टेकून वल्हं मारत होता.

गुडघे टेकून बसायचं कारण होतं, आणि ते त्याने आठ महिने कोणाला कळू दिलं नव्हतं. होळीच्या सुमारास त्याला पहिल्यांदा जाणवलं की उभं राहिलं की फळी आपल्याआधी हलते. मग शर्टाची बटणं लागेनात. चहाचा पेला ओठांपर्यंत येईस्तो बशीत निम्मा सांडायला लागला. मोटरसायकल त्याने 'पेट्रोल परवडत नाही' म्हणून घरी लावून टाकली. पाहुण्यांना तो सांगायचा, मी बसून राहिलो म्हणजे तुम्हाला धीर येतो. तेही लोकांना पटायचं.

परतीच्या वाटेवर पाणी अगदी स्थिर होतं. निखिलने मोबाइल काढला आणि गुणाला म्हणाला, गाइडशिवाय फोटोला मजा नाही, उभे राहा की काकूंच्या शेजारी. शकुंतलाबाईंनीही आग्रह केला. नाही म्हणायला गुणाला काही सुचलं नाही. तो उठला. क्षणभर राहिलाही उभा. मग उजवा पाय थरथरला, त्याने तो सावरायला डावा दाबला, तो जरुरीपेक्षा जास्त दाबला गेला, आणि सगळं अंग एका बाजूला गेलं. तो पाण्यात पडला आणि पायाखालून निसटलेली फळी सरळ जाऊन शकुंतलाबाईंच्या बोर्डावर आदळली. त्या तोंडावर पडल्या.

जॅकेटने त्यांना लगेच वर आणलं. नेत्राने वळून वल्ह्याच्या चार फटक्यांत त्यांना गाठलं आणि ओढून काठावर नेलं. नाकातोंडात पाणी गेलं होतं, खोकून खोकून त्यांचा जीव अर्धा झाला, पण लागलं कुठं नव्हतं. गुणा पाण्यातून बाहेर आला आणि सवयीने त्यांच्याकडे धावायला गेला. पाय फाकलेले, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि तो वाळूत बसला. काकू, लागलं का, असं त्याला विचारायचं होतं. शब्द जड, एकमेकांत अडकलेले निघाले.

निखिलने ते सगळं पाहिलं. त्याने आरडाओरडा केला नाही. किरणशेठला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "तुमचा माणूस प्यायलाय. सकाळी नऊ वाजता. माझी सासू बुडाली असती."

टॉवेल गुंडाळून बसलेल्या शकुंतलाबाई जावयाला जाऊ दे म्हणाल्या. माणूस चांगला आहे, फक्त पिऊन पाण्यात येऊ नये त्याने, एवढंच. त्या हे गुणाला ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या नव्हत्या, पण त्याला ऐकू गेलं. निखिलच्या रागापेक्षा ते त्याला लागलं.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर किरणशेठने गुणाला बोर्ड ठेवायच्या पत्र्याच्या शेडमागं बोलावलं. गुणाकडूनच तो वल्हं मारायला शिकला होता, त्यामुळे त्याला बोलणं जड जात होतं. शेवटी त्याने गुणाच्या तोंडाजवळ नाक नेलं. मग परत एकदा नेलं.

"वास नाही," तो म्हणाला.

"मी पीत न्हाई, शेठ. तुम्हाला म्हायती हाय."

"मग हे काय आहे, गुणा?"

किरणशेठने त्याच आठवड्यात त्याला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि गुणाची बायको दीपाली सोबत गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गुणाला आपल्या नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला आलटून पालटून हात लावायला सांगितलं. त्याचं बोट हवेत भलतीकडेच भिरभिरत राहिलं. मग फरशीच्या एका रेघेवर, टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं. नदीवर माणसांना उभं करणारा गुणा कोरड्या फरशीवर तीन पावलं चालू शकला नाही. दीपालीने त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि पदर तोंडाशी नेला.

तुमच्या घरात असं कोणी चालायचं का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आई, वडील, चुलते?

"बा चालायचा," गुणा म्हणाला. "पण तो प्यायचा."

"तुम्ही त्यांना पिताना पाहिलंय?"

गुणा सांगायला गेला आणि थांबला. आठवून आठवून त्याला एकच दिवस आठवला. तो म्हणाला, एकदा वास आला होता.

त्याचा बाप झिलू कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत भात करायचा आणि उन्हाळ्यात जंगलाच्या कामाला जायचा. गुणा पाचवीत असताना बापाची चाल बिघडली. बांधावरून येताना पाय शेजाऱ्याच्या चिखलात जायचा. बोलणं घोगरं, ओढल्यासारखं झालं. मुकादमाने कुऱ्हाडीच्या कामावर घ्यायचं बंद केलं. वाडीत सगळे म्हणायला लागले, झिलू लागला दारूला. शाळेत पोरांनी एक खेळच काढला. पाय फाकून, झुलत झुलत चालायचं आणि शेवटी धपकन पडायचं. त्याला नाव होतं, झिलूची चाल. एकदा मधल्या सुट्टीत गुणानेही ती चाल करून दाखवली होती, सगळ्यांपेक्षा हुबेहूब, आणि पोरं पोट धरून हसली होती. ती हसत होती तोवर त्याला बरं वाटलं होतं.

आणि मग तो एक दिवस. गुणा सतरा वर्षांचा होता. त्याची थोरली बहीण कमल, तिला बघायला खानापूरकडचे पाहुणे आले होते. घोंगडी अंथरलेली, पोह्यांच्या बशा मांडलेल्या, आणि झिलू खळ्यातून झोकांड्या खात आला. अंगाला दारूचा भपकारा. गुणाने त्याला दंडाला धरून फरफटत गोठ्यात नेलं आणि ढकललं. झिलू शेणात पडला. त्याने वर बघितलं. गुणाने बाहेरून कडी घातली आणि हात धुऊन पाहुण्यांत येऊन बसला. पाहुणे समजूतदार होते. बाप पितो, कुठल्या घरात एक नसतो, पोरगी चांगली आहे, असं म्हणून त्यांनी सुपारी फोडली.

चार वर्षांनी ऐन पावसाळ्यात झिलू ओहोळात पडून मेला. पिऊन पडला, असं वाडी म्हणाली. गुणाने खांदा दिला, अग्नी दिला, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

रक्ताचा नमुना तपासायला बाहेरगावी गेला आणि तीन आठवड्यांनी कागद आला. डॉक्टरीणबाईंनी घाई न करता समजावून सांगितलं. लहान मेंदू हळूहळू झिजतो. थांबवणारं औषध नाही. व्यायामाने थोडे दिवस पुढं ढकलता येतं. हे घराण्यातून येतं. तुमच्या वडिलांना नक्कीच हेच असणार. मुलांना यायची शक्यता निम्मी. गुणाला एकच मुलगी, रक्षा, अकरा वर्षांची. तिची तपासणी आत्ता करायची का, हे दीपालीने विचारलं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. मोठी होऊ दे, मग तिला वाटलं तर ती करील.

परतताना रामनगरला गाडी बदलायची होती. स्टँडवर ट्रकांच्या धुरळ्यात उभं असताना दीपाली म्हणाली की आईंना विचारायला पाहिजे.

गुणाची आई गिरजा खळ्यात भात पाखडत बसली होती. गुणा तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते त्याने जमेल तसं सांगितलं. गिरजाचं सूप चालू राहिलं. मग थांबलं. तिने विचारलं, "तुलाबी?" आणि त्या एका शब्दावरून गुणाला कळलं की तिला सगळं आधीपासून माहीत आहे.

"बा पीत न्हवता," तो म्हणाला.

"मी त्यांच्या शेजारी चोवीस वर्सं निजले. मला कळत न्हाई व्हय?"

"मग त्या दिवशी? कमलअक्काला बघायला आलते तवा? मी वास घेतला होता, आये."

गिरजाने सूप खाली ठेवलं. मग तिने जे सांगितलं ते सतरा वर्षांच्या गुणाला कोणी सांगितलं असतं तर त्याचा जन्म वेगळा झाला असता. झिलूचा चुलताही असाच झुलत झुलत गेला होता. झिलूला पहिल्या वर्षातच उमगलं होतं हे काय आहे. दोघं नवरा-बायको उळवीला जाऊन नवस बोलून आले, वैद्याचा पाला झाला, उतार नाही. तेव्हा झिलूने ठरवलं. दारुड्याच्या पोरीला कोणीतरी पदरात घेतं. ज्या घरात रोग आहे त्या घरची पोरगी कोणी नेत नाही आणि त्या घरात पोरगी देत नाही. लोक दारुडा म्हणतात ना, म्हणू देत. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी त्याने गिरजालाच गावठी आणायला लावली. घोटभर तोंडात घेऊन थुंकली, बाकीची शर्टावर ओतली.

"त्यांना त्या वासानं उलटी आली," गिरजा म्हणाली. "तसंच खळ्यात आले."

"मला तरी सांगायचं."

"मी सांगणार होते. त्यांनीच सांगू दिलं न्हाई. म्हणाले, पोराला राग येतोय तोवर लोकांना खरं वाटंल."

गुणा बसल्या जागी दुमडला. दीपाली आत गेली. खळ्यात कोंबड्या भात टिपत फिरत होत्या, आणि गिरजाने त्या हाकलल्या नाहीत. मग गुणाने विचारलं, त्या दिवशी गोठ्यातून बाला कोणी बाहेर काढलं? गिरजा म्हणाली, मी. पाव्हणे गेल्यावर. काय म्हणाला? तिने आठवून सांगितलं की सुपारी फुटली का, एवढंच विचारलं, आणि फुटली म्हटल्यावर शेणाच्या हातांनीच तिचा हात धरून तो हसला.

त्यानंतर गिरजाने पोराला एकच गोष्ट मागितली. हे बाहेर बोलू नकोस. कमललाही सांगू नकोस, तिला अजून काही नाही, तिच्या पोरांची लग्नं व्हायची आहेत. आणि आपली रक्षा आहे. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

महिनाभर गुणाने तिचं ऐकलं. फक्त कमलबद्दल त्याचं मन मानेना, आणि एका दुपारी त्याने तिला फोन करून सगळं सांगितलं. रोगाबद्दल ती फार काही बोलली नाही. फोनवर ती रडत राहिली ती बापासाठी. सासरी गेल्यापासून तिने कधी बापाला आपल्या घरी बोलावलं नव्हतं.

किरणशेठने गुणाला काठावरचं काम दिलं. बोर्डात हवा भरणं, जॅकेटं तपासणं, पाण्यात उतरण्याआधी पाहुण्यांना कोरड्या वाळूवर सगळं समजावून सांगणं. त्याचं बोलणं जड झालेलं, त्यामुळे काही पाहुणे एकमेकांकडे बघायचे. नेत्रा मग पुढं होऊन सांगायची, "गुणाण्णांची तब्येत बरी नाही. आम्हा सगळ्यांना यांनीच शिकवलंय." तिने असं सांगितलं की गुणाला जास्तच ओशाळल्यासारखं व्हायचं. बोर्डांची रांग वळणाआड जाईपर्यंत तो काठावर उभा राहायचा, एक हात झाडाला लावून.

एका सुट्टीच्या दिवशी तो रक्षाला घेऊन कुंभारवाड्याच्या दुकानात गेला. तिला वह्या हव्या होत्या. दुकान लाडूचं, लाडू त्याच्या वर्गातला. बाकड्यावर तिघंचौघं बसले होते. गुणा पायरी चढताना झुकला आणि खांबाला धरून उभा राहिला.

"व्हय रे गुणा," लाडू हसत म्हणाला, "सकाळीच? बापाचं नाव राखलंस की."

बाकड्यावरचे हसले. त्यात द्वेष नव्हता. वाडीत असंच हसतात. रक्षाचा हात गुणाच्या हातात होता. तो सैल झाला, मग निसटला, आणि ती दोन पावलं बाजूला जाऊन बिस्किटांच्या बरण्यांकडे बघत उभी राहिली, जसं काही ती कोणा दुसऱ्याबरोबर आली होती.

ती दोन पावलं गुणाला ओळखीची होती. त्याने स्वतः ती किती वेळा टाकली होती, याच दुकानात, उळवीच्या जत्रेत, शाळेच्या दारात. आईला दिलेला शब्द त्याच्या लक्षात होता. तरी तो बोलला.

"मी पीत न्हाई, लाडू. मला रोग हाय. माझ्या बापालाबी तोच व्हता. त्यानं जन्मात दारू प्याली न्हाई."

ते त्याने जितकं स्पष्ट बोलायचा प्रयत्न केला तितके शब्द एकमेकांवर चढले. बाकड्यावर परत हशा झाला. लाडूने समजुतीच्या सुरात म्हटलं की बरं बाबा, नाही पीत, आणि वह्या कागदात गुंडाळून दिल्या.

घरच्या वाटेवर रक्षा पुढं चालत होती. अर्ध्या वाटेवर गुणाला थकवा आला आणि तो एका मोरीच्या कठड्यावर टेकला. ती परत आली, पण शेजारी बसली नाही. तेव्हा त्याने तिला सांगितलं. आजोबांचं सगळं सांगितलं, शर्टावर ओतलेली दारू, गोठा, शेण, कडी, आणि कडी कोणी घातली तेही. स्वतःचं नाव घेताना तो अडखळला, पण त्याने ते गाळलं नाही. ती ऐकता ऐकता शेजारी येऊन बसली.

"आजोबांनी दार वाजवलं न्हाई?" तिने विचारलं.

"न्हाई."

"तू बरा होणार?"

"न्हाई. पण लगेच काय होत न्हाई. लई वर्सं लागतात."

ती वहीच्या कागदाची कड दुमडत राहिली. मग म्हणाली, "कमलआत्येला पण होईल?"

"तिला अजून तरी काय न्हाई," गुणा म्हणाला, आणि वाट बघत राहिला.

पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. तो तिला सुचलाच नाही की तिने तो गिळला, हे तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळेना. ती उठली, वह्यांचं पुडकं काखेत मारलं आणि त्याला उठायला हात दिला. वाडीपर्यंतची वाट बांधावरून होती. ती त्याच्या बाजूला, खालच्या अंगाने, कापणी झालेल्या वाफ्यातल्या धसकटांतून चालली, म्हणजे तो झुकला तर तिच्यावर झुकेल.